रशीदभाईंचा ब्रेक आणि माझं क्रोशाचं टोपडं

प्रिय सई आणि ओजस,

तुमच्या आजीने एकदा हळदीकुंकवाला आलेल्या सहा बायकांसह एक घर उतारावरून सोडून दिलं. हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. आता राहू दे.

आत्ताच का सांगते, ते आधी सांगते. मागच्या आठवड्यात सईने तिकडे मेलबर्नला घेतलेल्या जुन्या मोटारहोमचा फोटो आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हँडब्रेक नवा बसवतेय. काळजी नको, रशीदभाईंकडून नाही!' त्यावर तुमच्या बाबाने हसून लोळणारी पाच तोंडं टाकली, काकाने सात. मीही एक टाकलं. (चष्मा लावून, नीट निवडून.) मग फोन ठेवला, जेवायला बसले आणि ताट बाजूला सारून हा कागद घेतला. रशीदभाईंचा ब्रेक फेल झाला, ही आपल्या घराने इतकी वर्षं जपलेली गोष्ट खोटी आहे. आणि ती खोटी आहे हे मला पहिल्या मिनिटापासून माहीत आहे.

तर क्रमाने सांगते. क्रमाशिवाय मला काही सांगता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात किंवा डॉक्टरांना गुडघे दाखवत फिरतात. तुमच्या आजोबांनी लिलावात एक जुना फिरता दवाखाना विकत घेतला. गाडी आमच्या लग्नाच्याही आधीची. नाक पुढे आलेलं, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर, आणि आत कायमचा टिंक्चरचा वास. जिथे रोगी झोपायचे तिथे आजोबांनी पलंग केला, औषधांच्या कपाटात माझे डबे बसवले, एका कोपऱ्यात शेगडी आणि बेसिन. मी पडदे शिवले. आजोबा त्याला मोटारहोम म्हणत. आमचं गाव बदनापूर त्याला 'चाकाचं घर' म्हणे.

घर उत्तम होतं. फक्त ते उभं राहत नसे. जुना हँडब्रेक डॅशबोर्डच्या खाली होता, छत्रीच्या मुठीसारखा. बाहेर ओढायचा आणि पिळायचा. सपाट जमिनीवर, वारा नसेल तर, तो गाडी धरत असे. म्हणून आम्ही दोन काळे दगड बाळगायचो. गाडी थांबली की मी खाली उतरायचे आणि चाकांना दगड लावायचे. मी त्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटने 'डावा' आणि 'उजवा' असं लिहिलं होतं. आजोबा म्हणाले, दगडाला डावं-उजवं नसतं. मी म्हणाले, शिस्तीला असतं.

एकदा आम्ही जांब समर्थला दर्शनाला गेलो. मी 'डावा' घेऊन खाली वाकले, तेवढ्यात माझा शाळेतला एक माजी विद्यार्थी धावत आला. त्याने माझ्या हातातून दगड घेतला. बाई, तुम्ही कशाला, मी आहे ना, म्हणाला. दगड काखेत धरून त्याने मला वाकून नमस्कार केला आणि मग तो तसाच उभा राहिला. त्याने स्वतःची नोकरी सांगितली, बायकोची नोकरी सांगितली, बहिणीच्या सोयरिकीचं कुठवर आलं तेही सांगितलं. मी 'अरे, तो दगड' असं दोनदा म्हणाले. त्याने दोन्ही वेळा 'असू द्या बाई, जड न्हाई' असं उत्तर दिलं. दरम्यान आमचं घर एकेक बोट सरकत नारळवाल्याच्या गाड्याला जाऊन टेकलं. नारळवाला भला होता. त्याने गाडा मागे घेतला आणि घराला जागा करून दिली.

त्या संध्याकाळी आजोबांनी ठरवलं, हँडब्रेक बदलायचा.

रशीदभाईंचं गॅरेज स्टेशनच्या रस्त्याला होतं. मोठं नव्हतं, पण ब्रेकचं काम म्हटलं की जालन्याहूनही गाड्या त्यांच्याकडे यायच्या. शाळेच्या मुलांना नेणाऱ्या दोन्ही गाड्या त्यांच्याच हाताखालून जात. त्यांनी आमची छत्रीची मूठ ओढून पाहिली, सोडली, पुन्हा ओढली आणि विचारलं, "मॅडम, इतके दिवस तुम्ही कशाच्या भरोशावर फिरून राह्यले?"

"दगडांच्या," मी म्हणाले.

"मंग बराबर आहे. दगड फेल होत न्हाईत."

त्यांनी आठ दिवस घेतले. मोडीत निघालेल्या एका छोट्या ट्रकचा लोखंडी दांडा आणला आणि तो पुढच्या दोन सीटांच्या मधोमध जमिनीत बसवला. मागच्या चाकांचे लायनर (चाकाला आतून दाबून धरणाऱ्या पट्ट्या) बदलले, नवी केबल टाकली. मग मला शेजारी बसवून शिकवलं. दांडा वर ओढला की कर्र-कर्र वाजतं, म्हणजे चाकं धरली. टोकाचं बटण दाबून खाली केला की सुटली. मी वहीत इंग्रजीत लिहून घेतलं: अप इज ऑन, डाउन इज ऑफ. खाली रेघ मारली. (वही अजून आहे. रेघ लाल आहे. पट्टीने मारलेली आहे.)

मग परीक्षा झाली. आपल्या घरासमोरची गल्ली ओढ्याकडे उतरते, तिथेच, फाटकाशेजारच्या कडुलिंबाखाली, गाडी तोंड उताराकडे करून उभी केली. दगड काढले. तीन दांडगे गडी मागून ढकलायला लावले. घर तसूभर हललं नाही. रशीदभाई बाजूला हात मागे बांधून उभे होते, निकालाच्या दिवशी पहिला नंबर येणारं पोर उभं राहतं तसे. आजोबांनी नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि दोन्ही दगड ओढ्यात टाकून दिले.

इथपर्यंत कोणाचीही चूक नव्हती. इथून पुढे मी सुरू होते.

तो लोखंडी दांडा माझ्या डोळ्यांना खुपत होता. पडदे आकाशी, गाद्यांचे अभ्रे आकाशी, आणि मध्ये हा काळा, ग्रीस लागलेला, ट्रकचा! आमच्या पिढीच्या बायका उघडी वस्तू पाहू शकत नाहीत. आम्ही टीव्हीला झालर लावली, मिक्सरला झबलं शिवलं, फ्रिजच्या मुठीला मोजा घातला. मी दांड्याला क्रोशाचं आकाशी टोपडं विणलं. वर गोंडा लावला. रशीदभाईंनी ते पाहिलं. एवढंच विचारलं की बटण दाबता येतं ना. मी म्हणाले, टोपड्यावरून सुद्धा येतं. आणि येत होतं. तीच तर पंचाईत झाली.

संक्रांत झाली. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. गावातल्या बायकांना चाकाचं घर आतून बघायचं होतं, म्हणून मी हळदीकुंकू त्यातच ठेवलं. जागा थोडी, म्हणून सहा-सहाच्या तुकड्या केल्या. मागच्या दाराला 'आत' अशी पाटी, पुढच्या डाव्या दाराला 'बाहेर'. मागून यायचं, बसायचं, हळदीकुंकू, तिळगूळ, वाण म्हणून चहाची गाळणी, आणि दोन सीटांच्या मधून पुढे जाऊन उतरायचं. तुकडीला बारा मिनिटं. शाळेत चाळीस वर्षं काढलेल्या बाईला हे अवघड नव्हतं.

पहिली तुकडी उतरताना तिघींचे पदर त्या दांड्यात अडकले. एकीचा तर गोंड्यातच गुंतला. वेळापत्रक चार मिनिटं मागे पडलं. तेव्हा मी काय केलं? वाटेत पाय पसरून बसलेल्या मुलाला आपण 'पाय आत घे' म्हणतो, अगदी तशा सहजपणे मी दांडा बटण दाबून खाली केला, टोपडं सारखं केलं आणि वरून एक उशी ठेवली. वाट मोकळी झाली. मला फार बरं वाटलं.

उतार तिथे नावाला होता आणि नवे लायनर चाकांना अजून जरा घासत असावेत. घर लगेच हललं नाही. दुसऱ्या तुकडीच्या सहाजणी चढल्या, बसल्या, हलल्या-डुलल्या, तेव्हा ते निघालं.

त्या सहाजणींत दोघी लक्षात ठेवा. एक वंदना, माझी विद्यार्थिनी. शाळेच्या त्या दोन्ही गाड्या तिच्या नवऱ्याच्या. दुसरी गयाबाई, आम्हाला दूध घालणारी म्हातारी, ओढ्याजवळ राहणारी. ती दाराशी बसली होती आणि खिडकीतून बाहेर बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "तुमचं झाड चाल्लं."

मी वंदनाला कुंकू लावत होते. वर न बघता म्हणाले, "गयाबाई, झाडं चालत नाहीत. तिळगूळ घ्या."

तिने तिळगूळ घेतला. लिंब खिडकीतून गेला. त्यामागे आमचं फाटक गेलं. त्यामागे हातात पाण्याची नळी धरलेले तुमचे आजोबा गेले, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला समजलं की झाड नाही, आम्ही चाललो आहोत.

गती फार नव्हती. देवाची पालखी निघते ना, साधारण तेवढी. पण पालखीला थांबवणारे असतात. आजोबा नळी टाकून मागे धावले. ते 'हँडब्रेक ओढ' असं ओरडत होते. आत कोणी देवाचं नाव घेत होतं, कोणी माझं. आणि मी, लाल रेघ मारून लिहून घेतलेली बाई, काय करत होते? मी हळदीकुंकवाचं तबक सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले होते!

गल्लीच्या शेवटी गयाबाईच्या घरापुढे पऱ्हाटीचा ढीग होता, कापूस वेचून झाल्यावर उपटून रचलेल्या काट्याकुट्यांचा, चांगला पुरुषभर उंच. घर त्यात नाकापर्यंत घुसलं आणि थांबलं. कोणाला खरचटलंही नाही. तबक मात्र शेवटी सांडलंच, आणि सहाजणी कपाळापासून मांडीपर्यंत सौभाग्यवती झाल्या. 'बाहेर' लिहिलेलं दार काट्यांत अडकलं होतं, त्यामुळे सगळ्या 'आत' लिहिलेल्या दाराने बाहेर पडल्या. गयाबाई सर्वांत आधी उतरली. घरापातूर सोडलं बाईंनी, म्हणाली, आणि चूल पेटवायला निघून गेली.

मी शेवटी राहिले. उशी खाली पडली होती. टोपडं जमिनीला टेकलेलं होतं. तेव्हा मला सगळं एकदम कळलं.

आणि मी वाकून दांडा वर ओढला. कर्र-कर्र-कर्र. गोंडा सरळ केला.

 मी दर सोमवारी प्रार्थनेनंतर खरं बोलण्यावर पाच मिनिटं बोलणारी बाई. पण बाहेर मी शिकवलेल्या बायका कुंकू झटकत उभ्या होत्या आणि हात आपोआप गेला. अर्ध्या मिनिटात आजोबा धापा टाकत आत चढले. त्यांनी दांड्याकडे पाहिलं.

"ओढलेला आहे," ते म्हणाले. "ब्रेक ओढलेला आहे आणि तरी गाडी गेली."

मी मान हलवली. नुसती मान. एकही शब्द खोटा बोलले नाही, असं मी पुढचे चार दिवस स्वतःला सांगत होते.

त्याच संध्याकाळी आजोबांनी तुमच्या बाबाला आणि काकाला फोन करून सगळी हकीगत सांगितली. तुमच्यापर्यंत आली ती हीच.

रशीदभाई सांगावा गेल्याबरोबर आले. गाडी ट्रॅक्टरने ओढून पुन्हा लिंबाखाली आणली होती, चाकांना विटा लावल्या होत्या. ते खाली शिरले. बघायला निम्मी गल्ली होती. त्यांनी केबल काढली, पुन्हा घातली. लायनर काढले, दिव्यासमोर धरून पाहिले, पुन्हा बसवले. गाडी ढकलून बघितली तर हलेना. म्हणाले, समजून नाही राह्यलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी त्यांना चहा देत होते. दोन वेळा तर बिस्किटंही दिली. बोलायला तोंड उघडलं की आपोआप 'साखर बरोबर आहे ना' एवढंच बाहेर यायचं.

चौथ्या दिवशी वंदना गाळणी बदलून घ्यायला आली (तिची चेपली होती) आणि जाता जाता म्हणाली की नवऱ्याने शाळेच्या दोन्ही गाड्या रशीदभाईंकडून काढून घेतल्या. पोरांच्या जिवाचा प्रश्न. इतर चार गाडीवाल्यांनाही सांगून टाकलंय. बाईंच्या स्वतःच्या गाडीत झालं म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार?

मी तिला नवी गाळणी दिली आणि चपला घातल्या.

स्टेशनपर्यंत चालत जाताना मी कबुलीजबाब इंग्रजीत तयार केला. इंग्रजीत लाज जरा कमी वाटते. तीन मुद्दे होते. गॅरेजमध्ये पोचले तेव्हा आत एकही गाडी नव्हती. रशीदभाई रिकाम्या टायरवर बसून एक सुटी केबल बोटांत फिरवत होते. माझे तिन्ही मुद्दे गेले.

"रशीदभाई, दांडा मी खाली केला होता," मी म्हणाले. "पदर अडकत होते म्हणून. आणि नंतर कोणी नसताना मीच वर ओढला."

त्यांनी केबल खाली ठेवली. मला वाटलं ते हसतील. निदान 'जाऊ द्या मॅडम' तरी म्हणतील. मी त्याचीच वाट पाहत होते, हेही लिहून ठेवते.

"चार दिवस," ते म्हणाले. "चार दिवस मी त्या गाडीखाली पडून राह्यलो मॅडम, आणि तुम्ही वरून चहा देऊन राह्यल्या."



"काल एका रिक्षाचा ब्रेक आवळला. तीनदा आवळला. घरी गेल्तो, तर परत येऊन चौथ्यांदा बघितला. तीस वर्षांत असं झालं न्हाई. माझा माझ्याच हातावरचा भरोसा गेला."

मी माफी मागितली. मराठीत, मोडकी.

"माफी मला नको. मी एकटा माफ करून काय होणार? ज्या बायांसमोर माझा ब्रेक फेल केला, त्याच बायांसमोर पास करा."

घरी येऊन आधी आजोबांना सांगितलं.  ते म्हणाले की गावात सांगायलाच हवं, पण पोरांना परदेशात कशाला कळवायचं, आई म्हणून तुझी काही पत आहे. मला ते पटलं. फार लवकर पटलं.

रथसप्तमीला तीन दिवस होते. मी त्याच सगळ्या बायकांना पुन्हा हळदीकुंकवाला बोलावलं. आल्या सगळ्या, पण गाडीपासून दहा हात लांब उभ्या राहिल्या. पायरीवर चढून मी सांगितलं. मुद्दे पाडले नाहीत. दांडा, टोपडं, उशी, पदर, आणि नंतरची ती कर्र-कर्र, सगळं. कोणी हसलं नाही. मी आयुष्यात एवढा शांत वर्ग पाहिला नव्हता.

रशीदभाई फाटकाशी उभे होते. त्यांनी मला खुणेने दांडा ओढायला लावला आणि चाकांच्या विटा स्वतः काढल्या. मग बायकांना म्हणाले, ढकला. आधी कोणी पुढे येईना. मग वंदनाने पदर खोचला. तिच्यामागे दुसरी, तिसरी. पंचवीस-तीस बायका, हातात बांगड्या, कपाळाला ताजं कुंकू, सगळ्या जोर लावून त्या दवाखान्याला उताराकडे रेटत होत्या, आणि मी आत दांड्याशी बसून रामरक्षा म्हणत होते. घर हललं नाही. वंदनाने तिथेच उभ्या उभ्या नवऱ्याला फोन लावला. शाळेच्या गाड्या दुसऱ्या दिवशी रशीदभाईंच्या दारात होत्या. रशीदभाई त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. बोलायला होळी उजाडली.

पण त्याच दिवशी, बायका पांगण्याआधी, गयाबाई पुढे आली.

"म्या तवाच बघितलं व्हतं," ती म्हणाली. "तुम्ही दांडा खाली दाबला, उशी ठिवली. म्या बाहेर दारातच तर उभी व्हते, आत यायला."

मी विचारलं, "मग बोलल्या का नाहीत?"

"मला वाटलं, बाईंना ठाऊक आसंल. बाईंना समदं ठाऊक आसतंय."

तेव्हा मात्र सगळ्या हसल्या. वंदना तर रस्त्यावर बसून हसली.

सई, ओजस, हे पत्र ग्रुपवर टाका. बाबाला आणि काकाला मोठ्याने वाचून दाखवा. सई, तुझ्या दांड्यावर काही घालू नकोस. आजोबा गेल्यावर मी गाडी वाटूरच्या शेतावर ठेवली. इंजिन उतरवलेलं आहे, टायर बसले आहेत, पडद्यांना उंदीर लागले, आत खताची पोती असतात. रशीदभाई आता गॅरेजमध्ये कमी बसतात, पण मागच्या दिवाळीला फराळाला आले होते. रशीदभाईंचा ब्रेक आणि माझी लाज, एवढ्या दोनच गोष्टी अजून पक्क्या जागेवर आहेत.

तुमची
आजी